फुस्तातची खोली आणि ठाण्याचा नाखवा

पहिला दिवस : जुनं कैरो

मार गिर्गिस स्टेशनात मेट्रोतून उतरलं की समोरच रोमन किल्ल्याचा गोल बुरूज दिसतो. त्याच्या कडेने काही पायऱ्या उतरायच्या. रस्ता वर राहतो, आपण खालच्या गल्लीत येतो आणि गाड्यांचा आवाज एकदम तुटतो. दोन्ही बाजूंना भिंती, मधूनमधून एखाद्या कॉप्टिक चर्चचं दार, दारात मेणबत्त्या आणि पोथ्यांसारखी छोटी पुस्तकं विकणारी माणसं. गल्ली जिथे संपते तिथे बेन एझरा सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, आहे. इतक्या वर्षांनी मी त्याच्या दाराशी उभी होते.

मी मोडी वाचते. ठाण्यात लोकांच्या घरची जुनी कागदपत्रं वाचून देते. खरेदीखतं, वाटणीपत्रं, कुणाच्या पणज्याने कुणाला लिहिलेलं उधारीचं पत्र. या कामात बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका अभ्यासकाने मला सांगितलं की ठाण्याचं नाव असलेलं बाराव्या शतकातलं एक पत्र आहे, ते अरबी भाषेत आणि हिब्रू अक्षरांत आहे, आणि ते कैरोतल्या एका सिनेगॉगच्या कोठीत सापडलं. तेव्हापासून ही गल्ली डोक्यात होती.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही, की वास्तूचा आराखडा शेजारच्या चर्चसारखाच आहे. मध्ये उंच भाग, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर लाकडी छताला भौमितिक नक्षी, मध्यभागी संगमरवरी चौथरा. डाव्या-उजव्या अंगाला वरच्या मजल्यावर बायकांचा सज्जा. आजची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच जागेवर पुन्हा बांधलेली आहे, आणि अलीकडे डागडुजी होऊन २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली. पण इथलं सिनेगॉग मुळात हजार वर्षांपलीकडचं. फातिमी खलिफा अल-हाकिमच्या काळात ते पाडलं गेलं आणि अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उभं राहिलं.

वर जायची परवानगी नव्हती. मी खालूनच सज्ज्याच्या टोकाकडे पाहत राहिले. ती खोली त्या टोकाला होती. तिला ना दार, ना खिडकी. भिंतीत उंचावर एक भोक, शिडी लावून तिथवर चढायचं आणि कागद आत टाकायचे. याला हिब्रूत गेनिझा म्हणतात. देवाचं नाव लिहिलेला कागद जाळायचा नाही, फाडायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही. जीर्ण झाला की तो बाजूला ठेवायचा आणि पुढे कधीतरी दफनभूमीत पुरायचा. आपल्याकडे फाटलेली पोथी रद्दीत देत नाहीत, नदीत सोडतात, त्याच भावनेची ही रीत आहे.

फुस्तात हे या जुन्या वस्तीचं नाव. फुस्तातच्या या खोलीचं वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे इथे ठेवलेलं पुरायचं राहून गेलं. खोली भरत राहिली, अकराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत. दुसरं असं, की लोक फक्त धर्मग्रंथ टाकत नव्हते. साध्या पत्राची सुरुवातसुद्धा ‘तुझ्या नावाने, हे दयाळा’ अशी व्हायची, आपल्या पत्रावर ‘॥ श्री ॥’ असायचं तशी. मग पत्रही पवित्र. करारनामा, लग्नाचा कागद, वाण्याचा हिशेब, वैद्याचा नुस्खा, पोराची धुळाक्षरं, सगळं हिब्रू अक्षरांत, म्हणून सगळं त्या भोकातून आत. कैरोच्या कोरड्या हवेने ते सांभाळलं.

रखवालदाराने विचारलं, कुठून आलात? हिंदुस्थानातून म्हटल्यावर त्याने मला मागच्या बाजूच्या विहिरीकडे नेऊन दाखवलं आणि बायबलातल्या मोशेची गोष्ट सांगितली. त्याला वाटलं मी त्या गोष्टीसाठी आले असेन. मी वर सज्ज्याकडे बोट केलं. तो हसला आणि म्हणाला, ‘वरक, वरक.’ म्हणजे कागद. वर्ख, वरकड, वरक… शब्द कानात घुमवत मी परत पायऱ्या चढले.

दुसरा दिवस : फुस्तात

सकाळी अम्र इब्न अल-आसच्या मशिदीत गेले. इसवी सन ६४१-४२ च्या सुमारास अरबांनी इजिप्त जिंकलं तेव्हा सेनापती अम्रने इथे तळ टाकला, तेच फुस्तात. आफ्रिका खंडातली ही पहिली मशीद. कैरो शहर त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, ९६९ मध्ये, उत्तरेला वसलं. म्हणजे राजधानी कैरोत आणि पेढ्या फुस्तातमध्ये, असा कारभार. ११६८ मध्ये क्रुसेडरांच्या हाती पडू नये म्हणून फुस्तात पेटवून देण्यात आलं. आज मशिदीच्या पलीकडे टेकाडं आहेत, त्यांत विटांच्या भिंतींचे तळ, मोऱ्या, खापऱ्या. कुंपणाच्या या बाजूने जेवढं दिसलं तेवढं पाहिलं.

या मातीत सुती कापडाचे तुकडे सापडले आहेत. लाल रंगात ठशांनी छापलेले, गुजरातेत बनलेले. हे मी ठाण्यात वाचलं होतं. पण त्या टेकाडासमोर उन्हात उभं राहिल्यावर अंतराची कल्पना आली. तिथलं कापड इथवर कसं यायचं? खंबायत किंवा भडोचहून जहाज अदनला. अदनहून तांबड्या समुद्राने वर ऐधाबच्या बंदरात. ऐधाबहून उंटांच्या तांड्याने वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कूसला. कूसहून नाईलच्या प्रवाहाबरोबर नावेतून फुस्तात. उलट दिशेने तांबं, रेशमी वस्त्रं, सोनंनाणं, आणि येताना मिरी, वेलदोडा, लोखंड, नीळ.

दुपारी नाईलकाठी जाऊन बसले. काठावर एक फलुका, म्हणजे तिथली शिडाची होडी, बांधलेली होती. तिचा मालक जाळी नाही, दोर दुरुस्त करत होता. त्याचे हात पाहून मला ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा आठवला. याच नदीने एके वर्षी दाविद बेन मैमोन नावाचा एक तरुण व्यापारी दक्षिणेकडे निघाला होता. त्याचा थोरला भाऊ मोशे, फुस्तातमधला प्रसिद्ध धर्मशास्त्री आणि वैद्य, ज्याला जग मैमोनिदीस म्हणून ओळखतं. मोशेने पुस्तकं लिहायची, दाविदने कमावून आणायचं, असं घर चाललं होतं. दाविदचं ऐधाबहून लिहिलेलं एक पत्र त्या खोलीत मिळालं. ते केंब्रिजला आहे. त्याच्यासाठी तर पुढे जायचं होतं.

तिसरा दिवस : कैरो

पोट बिघडलं म्हणून खोलीतच. संध्याकाळी थोडं बरं वाटल्यावर कोशरी खाल्ली : भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा. रात्रीचं विमान.

चौथा दिवस : केंब्रिज

माझी भाची इथे नोकरीला आहे. स्टेशनवर सायकल घेऊन उभी होती. कैरोच्या उन्हातून इथल्या राखाडी थंडीत आल्यावर पहिली दहा मिनिटं बोलणं सुचेना. ‘मावशी, आधी टोपी घाल,’ हे तिचं पहिलं वाक्य.

विश्रांती घ्यायची सोडून मी तिला वेस्टमिन्स्टर कॉलेजकडे घेऊन गेले. या कॉलेजची जागा अ‍ॅग्नेस स्मिथ लुइस आणि मार्गारेट डनलॉप गिब्सन या जुळ्या बहिणींनी दिलेली. स्कॉटलंडच्या, दोघीही विधवा, दोघींना बऱ्याच भाषा येत होत्या. त्या काळी केंब्रिज बायकांना पदवी देत नव्हतं. १८९६ मध्ये या दोघींनी पूर्वेकडच्या प्रवासात काही जुनी हिब्रू पानं विकत घेतली आणि घरी आल्यावर त्यांतली काही सोलोमन शेख्तरला दाखवली. शेख्तर रुमानियात जन्मलेला, विद्यापीठात यहुदी धर्मग्रंथ शिकवायचा. त्याने एक पान ओळखलं : बेन सिराच्या नीतिग्रंथाचं मूळ हिब्रू. हा ग्रंथ शतकानुशतकं ग्रीक आणि सिरियाक भाषांतरांतूनच माहीत होता, मूळ हिब्रू हरवलं आहे असं मानलं जात होतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात शेख्तर कैरोला पोचला. सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर यांनी खर्चाची व्यवस्था केली होती. कैरोच्या प्रमुख रब्बींनी त्याला हवं ते नेण्याची मुभा दिली. खोलीत उतरून तो कित्येक आठवडे धुळीत बसून कागद वेचत राहिला. त्याची तब्येत त्या धुळीने बिघडली. तिथे जे पाहिलं त्याला त्याने ‘पुस्तकांची रणभूमी’ म्हटलं. अनेक शतकांचं लिखाण एकमेकांवर पडून, चिकटून, चुरगळून पडलेलं. त्याने आणलेला संग्रह १८९८ मध्ये टेलर आणि शेख्तर यांच्या नावे विद्यापीठाला दिला गेला. आज तिथे सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे आहेत. बाकीचे ऑक्सफर्ड, मँचेस्टर, न्यूयॉर्क, सेंट पीटर्सबर्ग, बुडापेस्ट असे विखुरले आहेत. एकाच पानाचा वरचा अर्धा एका देशात आणि खालचा दुसऱ्या देशात, असंही झालं आहे. बहिणींचा स्वतःचा संग्रह पुढे या कॉलेजात होता. तो २०१३ मध्ये केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांनी एकत्र पैसे उभे करून घेतला. दोन जुने प्रतिस्पर्धी एका गोष्टीसाठी एकत्र आले, हे मला फार आवडलं.

रात्री जेवताना भाचीने विचारलं, ‘पण मावशी, तुला हे यहुद्यांचे कागद एवढे का लागले आहेत?’

मी तिला आमच्या आजोळची गोष्ट सांगितली. तिच्या आईला माहीत आहे, पण तिला कधी कुणी सांगितली नव्हती. कोकणातल्या त्या घराच्या माळ्यावर दोन पेट्या होत्या. त्यांत लाल खारव्याच्या रुमालांत बांधलेली दप्तरं. पणजोबा खोताचे कारकून होते. मी मोडी शिकायला लागले त्या वर्षी हौसेने सुट्टीत तिथे गेले, तर पेट्या रिकाम्या. पावसाळ्यात सरपण ओलं होतं म्हणून ते कागद बंबात घातले होते. दोन महिने त्यांच्यावर अंघोळीचं पाणी तापलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वाचता येत नाही म्हणजे त्यात काही नाही, एवढाच त्यांचा समज. एक रुमाल तेवढा राहिला, कारण त्यात मामाने खिळे गुंडाळून ठेवले होते.

भाचीने ताट बाजूला सरकवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पाचवा दिवस : ग्रंथालय

विद्यापीठ ग्रंथालयाचा विटांचा मनोरा शहरात कुठूनही दिसतो. परवानगीचा पत्रव्यवहार चार महिने आधीच झाला होता. ओळखपत्र, मग सामान कुलूपबंद कपाटात. आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. हस्तलिखितांच्या वाचनदालनात कुजबुजही नाही.

या संग्रहावर काम करणारं एक स्वतंत्र पथक इथे १९७४ पासून आहे. त्यातल्या एका अभ्यासकबाईंनी माझ्यासाठी काही तुकडे निवडून ठेवले होते. प्रत्येक तुकडा पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन पत्र्यांमध्ये मोकळा ठेवलेला. चिकटवलेला नाही, म्हणजे दोन्ही बाजू वाचता येतात. मोडी कागदांना सेलोटेप लावलेली पाहून मला किती वेळा रडू आलं आहे! त्या पारदर्शक पाकिटाकडेच मी आधी दोन मिनिटं पाहत बसले.

पहिला तुकडा मुलांच्या अक्षरओळखीच्या पुस्तकातला. मोठी हिब्रू अक्षरं, कडेला रंग भरलेला, आणि मध्येच कुण्या पोराने स्वतःच्या हाताने अक्षर गिरवायचा प्रयत्न केलेला. बोरूचा दाब कुठे जास्त, कुठे कमी. नऊशे-हजार वर्षांपूर्वी फुस्तातच्या कुठल्यातरी शाळेत पंतोजीने पाठीत धपाटा घातला असेल की शाब्बास म्हटलं असेल?

दुसरा तुकडा उलटासुलटा वाचण्यासारखा. एका बाजूला फातिमी दरबाराच्या हुकुमातल्या अरबी ओळी. अक्षरं भलीमोठी, एका ओळीपासून दुसरीपर्यंत हातभर मोकळी जागा. राजाचा कागद असा उधळा असायचा, तो कागदाचा थाट हीच त्याची प्रतिष्ठा. हुकुमाचं काम संपल्यावर तो रद्दी म्हणून बाहेर पडला, कापला गेला, आणि कुण्या यहुदी लेखनिकाने त्याच्या पाठीवर आणि मोकळ्या जागेत प्रार्थना उतरवून घेतली. म्हणजे प्रार्थनेमुळे हुकूम वाचला. इस्लामी राज्यांच्या दफ्तरखान्यांचे त्या काळातले कागद फार थोडे उरले आहेत, आणि जे उरले त्यांतले कितीतरी असे एका सिनेगॉगच्या कोठीत, दुसऱ्याच्या पाठीवर बसून आले.

तिसरा तुकडा पाहायचा मी हट्ट धरला होता. दक्षिण इटलीतला एक नॉर्मन ख्रिस्ती माणूस बाराव्या शतकाच्या आरंभी यहुदी झाला, त्याने ओबाद्या हे नाव घेतलं आणि फिरत फिरत पूर्वेला गेला. त्याने हिब्रू गीतांवर युरोपातल्या मठांत वापरायच्या त्या स्वरचिन्हांनी चाल लिहून ठेवली. हिब्रू शब्दांना लिहिलेली ही सर्वांत जुनी ज्ञात स्वरलिपी. अभ्यासकबाईंनी हलक्या आवाजात दोन ओळी गुणगुणल्या. वाचनदालनात! मग त्याच दचकल्या.

दुपारी त्यांनी मला हिशेबाचा एक कागद दाखवला आणि हळूहळू वाचायला लागल्या. अक्षरं हिब्रू, भाषा अरबी. याला यहुदी-अरबी म्हणतात. घरात, बाजारात सगळे अरबीच बोलायचे, पण लहानपणी शिकलेली अक्षरं हिब्रू, म्हणून लिहिताना तीच. आपली भाषा मराठी आणि अक्षर मोडी, तसं काहीसं. अरबी येणाऱ्या कैरोकराला ही अक्षरं परकी, आणि हिब्रू येणाऱ्याला ही भाषा परकी. पण वाचून दाखवलं तर कैरोतला आजचा दुकानदारही अर्धंअधिक समजेल.

आणि मला ऐकू काय आलं? ‘हिसाब.’ ‘बाकी.’ मग शेवटी एक आडवी रेघ आणि ‘जुमला.’ मी एकदम पेन्सिल खाली ठेवली. पेशवे दप्तरातल्या हिशेबांत बेरजेला जुमला म्हणतात! मी स्वतः शेकडो वेळा वाचला आहे तो शब्द : जुमला रुपये इतके. बाईंना मी वहीत मोडीत ‘जुमला’ लिहून दाखवला. त्यांनी शेजारी हिब्रू अक्षरांत लिहिला. दोन लिप्यांतले दोन कारकून समोरासमोर बसल्यासारखं झालं.

सहावा दिवस : पत्रातलं ठाणं

आज सकाळपासून पोटात गोळा होता.

हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या यहुद्यांची पत्रं वेचून, जुळवून वाचायचं काम श्लोमो दोव गोइताइन (१९००–१९८५) या विद्वानाने आयुष्यभर केलं. त्यांच्यामागे मोर्दखाय अकिवा फ्रिडमन यांनी ते पुढे नेलं. त्या शेकडो कागदांत सर्वांत जास्त आहेत ते अब्राहाम बेन यिजू या माणसाचे. हा ट्युनिशियातल्या महदियाचा. ११३२ च्या सुमारास मंगळूरला आला आणि मधला एक खंड सोडला तर ११४९ पर्यंत तिथेच राहिला. पितळेची भांडी घडवायचा कारखाना त्याने काढला होता. अदनहून मित्र मोडकी तांब्या-पितळेची भांडी पाठवत आणि नवी घडवून मागत, वजन-मापासकट. मंगळूरला कागद मिळत नसे, म्हणून तेच मित्र दरवर्षी साखर, मनुका आणि साबणाबरोबर कोरे कागदही भेट पाठवत. बेन यिजू एवढा काटकसरी, की आलेल्या पत्राच्या पाठीवर, कडेला, ओळींच्या मध्ये स्वतःचे हिशेब लिहायचा. कविताही.

त्याने आशू नावाच्या दासीला मुक्त केलं. तो दाखला १७ ऑक्टोबर ११३२ चा, मंगळूरला लिहिलेला, आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. तिच्याशी त्याने संसार केला असं अभ्यासक मानतात. मुलं घेऊन तो अदनला परतला. त्याच्या मुलीचं लग्न ११५६ मध्ये फुस्तातला चुलतभावाशी झालं. लेकीबरोबर बापाचे कागदही फुस्तातला गेले, आणि म्हणून मंगळूरच्या वाण्याच्या पाठपोट भरलेल्या वह्या त्या खोलीत. एका पत्रात अदनचा व्यापारी मद्मून त्याला सांगतो की मंगळूरच्या शेट्टीला, बनियाला माझा निरोप दे. हिब्रू अक्षरांतला ‘बानियान’ हा शब्द मी पडद्यावर मोठा करून पाहिला.

मग ते पत्र. बाईंनी संगणकावर त्याचं छायाचित्र उघडलं. आता हे तुकडे जगभरच्या ग्रंथालयांतून छायाचित्रांच्या रूपात एकत्र आले आहेत, विखुरलेली पानं पडद्यावर तरी शेजारी येतात.

पत्र महरूज नावाच्या नाखुद्याचं. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक. आमच्या चेंदणीच्या कोळ्यांचा ‘नाखवा’ तो हाच शब्द. महरूज अदनचा, त्या वेळी मंगळूरला होता. त्याच्या मेहुण्याला, फुस्तातच्या अबू झिक्री कोहेन या प्रतिष्ठित अडत्याला, पश्चिम किनाऱ्यावर चाच्यांनी पकडलं होतं. जीव वाचला, माल गेला. ही बातमी कळल्यावर महरूज लिहितो : तुम्हांला सोनं लागलं तर माझ्या खात्यावर तिंबू नाखुद्याकडून घ्या, तो ‘ताना’ इथे आहे, आणि त्याच्यामाझ्यात कधी न तुटणारी मैत्री आणि भाऊपण आहे.

ताना म्हणजे ठाणं. अरब लेखक आमच्या गावाला हेच म्हणत.

बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मी वाचला. मला हिब्रू अक्षरं फार येत नाहीत, पण तेवढी चार मी ठाण्यातच शिकून गेले होते. त्या वेळी उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य होतं. ताम्रपटांत ठाण्याचं नाव श्रीस्थानक. ते ताम्रपट राजांचे : कुणाला गाव दिलं, कुठला कर माफ केला, सूर्यचंद्र असेतो. त्यांत घोडबंदरच्या खाडीत जहाज नांगरून बसलेला नाखवा कुठे असणार? तिंबू तिथे सापडत नाही. तो सापडतो मंगळूरहून लिहिलेल्या, अरबी बोलणाऱ्या एका यहुद्याच्या, घाईच्या पत्रात. आणि सापडतो तो कसा? सोनं उसनं देणारा म्हणून. आपल्या मित्राच्या मेहुण्याला, ओळख ना देख, नुसत्या शब्दावर. पुढे आपल्याकडे जी हुंडी चालली तिच्याही मुळाशी हाच विश्वास.

किती वाजले होते कळलं नाही. बाईंनी मला पाणी आणून दिलं.

बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी, कोकणात केव्हा आले हे या पत्रांतून ठरत नाही, आणि ओढूनताणून ठरवूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. महरूज आणि अबू झिक्री हे समुद्रापलीकडचे व्यापारी, वाऱ्याबरोबर येणारे-जाणारे. आमच्या टेंभी नाक्याचं शाआर हाशामाइम सिनेगॉग १८७९ चं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आजी त्याला मशीदच म्हणायची, आणि तिची मराठी माझ्या आजीसारखीच अलिबागची. तिचे आणि या नाखुद्यांचे धागे वेगवेगळे आहेत. पण ती मैत्रीण लहानपणी फाटलेलं प्रार्थनेचं पुस्तक कागदात गुंडाळून फळीवर वेगळं ठेवायची, ते मात्र आज आठवलं. मी तिला कधी कारण विचारलं नव्हतं.

सातवा दिवस : दाविदचं पत्र

शेवटचा दिवस. विमान रात्रीचं.

वाचनदालनात माझ्या टेबलावर एकच पाकीट होतं. लांबट कागद, काही ठिकाणी फाटलेला, घट्ट लिहिलेला. कडेलासुद्धा ओळी. ऐधाबहून दाविदने मोशेला लिहिलेलं पत्र, ११७० च्या सुमाराचं.

बाई शेजारी बसून मजकूर सांगत गेल्या. दाविद कूसहून निघाला तेव्हा तांड्याबरोबर न जाता एका सोबत्याबरोबर एकटाच वाळवंटात घुसला. वेडेपणाच होता, असं तोच कबूल करतो. पण तांडा वाटेत लुटला गेला, काही माणसं तहानेने मेली, आणि हे दोघे मात्र सुखरूप पोचले. ऐधाबला आला तर विकत घ्यायला माल नाही. निळीखेरीज काहीच आलेलं नाही. मग त्याने ठरवलं : इथवर एवढं सोसून आलोच आहे, तर समुद्राने पुढे हिंदुस्थानला जातो. ज्याने मला वाळवंटात वाचवलं तोच समुद्रातही वाचवील. आणि मग, लहानगीला आणि तिच्या बहिणीला धीर दे, त्यांना घाबरवू नकोस. लहानगी म्हणजे त्याची बायको. तांडा निघायच्या बेतात आहे, घाईत लिहितो आहे.

तो हिंदी महासागरात बुडाला.

मोशेने आठ वर्षांनी पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या आक्कोच्या एका स्नेह्याला लिहिलेलं पत्र वेगळ्या वाटेने टिकलं. त्यात तो म्हणतो की बातमी आल्यावर जवळजवळ वर्षभर तो तापाने अंथरुणाला खिळून होता. भाऊ बुडाला तेव्हा त्याच्याजवळ माझे, त्याचे आणि इतरांचे पैसे होते, त्याची लहान मुलगी आणि विधवा माझ्याकडे आहेत, आणि त्याचं अक्षर, त्याचं एखादं पुस्तक समोर आलं की काळीज उलटतं. त्यानंतर मोशेने पोटासाठी वैद्यकी धरली आणि पुढे तो दरबाराचा वैद्य झाला.

त्याचं अक्षर समोर आलं की. माझ्या समोर होतं ते तेच अक्षर. मोशेने ते किती वेळा उघडलं असेल? कागदाला घड्यांच्या रेषा आहेत, आडव्या, अगदी जवळजवळ. पत्र गुंडाळून चपटं करायची तेव्हा रीत होती, हे मला माहीत आहे. तरीही मी त्या घड्या मोजल्या.

कधीतरी त्या घरातलं कुणीतरी शिडी चढलं आणि हे पत्रही भोकातून आत सोडलं. गेल्या आठवड्यात मी ज्या भिंतीकडे खालून पाहत होते, त्या जागी.

साडेतीनला भाचीचा निरोप आला, मी खाली थांबले आहे, सावकाश ये. बाईंनी विचारलं, अजून काही पाहायचंय? मी नाही म्हटलं. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी उचललं. मी वही मिटायच्या आधी शेवटच्या पानावर, एकाखाली एक, मोडीत दोन नावं लिहिली : ऐधाब, ठाणे. खाली उतरले तर भाची जिन्याशी उभी होती. ‘मावशी,’ ती म्हणाली, ‘तो खिळ्यांचा रुमाल अजून मामाकडेच आहे का?’